प्रेमलाअक्काकडचं दळण

खाणवस्तीत गव्हाची पिशवी काखोटीला मारून निघालेल्या बाईला कुठे चाललीस म्हणून कोणी विचारत नाही. दळायला चालली असणार, दुसरं काय. विश्रांतवाडीच्या पुढे आळंदी रस्ता सोडून डावीकडे उतरलं की जुन्या दगडखाणीच्या काठाने ही वस्ती लागते. वस्तीत गिरणी एकच, आणि तिच्या भिंतीला लागून प्रेमलाअक्काचं घर. दुपारी तीनच्या सुमाराला पुरुषमाणसं कामावर असतात नाहीतर पडलेली असतात. तेव्हा एखादी बाई गिरणीत न शिरता शेजारच्या दारात शिरायची. पिशवीतले वरचे गहू परातीत ओतायची. खालून कापडात गुंडाळलेला कोयता निघायचा.

कुणाचा, हे प्रेमला विचारायची नाही आणि बाई सांगायची नाही. घरात वाढलेला पोरगा गादीखाली कोयता ठेवतो हे पोलिसांना सांगायचं म्हणजे आपलेच दात आणि आपलेच ओठ. इथे सांगावं लागत नसे. दोघी कपभर चहा प्यायच्या, पाण्याच्या टँकरला नावं ठेवायच्या. मग गहू पुन्हा पिशवीत भरून ती बाई खरोखरच गिरणीत जायची, कारण पीठ न घेता घरी गेली तर पोरगा विचारणार.

सहा वर्षांत असे सत्तावीस कोयते आले. न्हाणीवरच्या माळ्यावर पत्र्याची पेटी होती. तिच्यात प्रेमलाने ते ज्या कापडात आले त्याच कापडात ठेवले. कुणाची फाटकी साडी, कुणाची ओढणी, कुणाचा उशीचा अभ्रा. तिचे यजमान पोपटराव महापालिकेच्या बागेत माळी होते, आता निवृत्त. ते एकदाच म्हणाले, "शस्त्रागार झालंच आहे, आता गणवेशही शिवून घे." त्यानंतर ते त्या विषयावर बोलले नाहीत. तसे ते कुठल्याच विषयावर फारसं बोलत नसत.

आता बायका हिच्याचकडे का यायच्या, ते सांगायला हवं.

आठ वर्षांपूर्वी प्रेमला एका शाळेत शिपाई होती. सकाळी पाणी भरताना पिंपामागे तिला कोयता दिसला. नवाकोरा, दांड्याला कागद तसाच. तिचा मुलगा संजय आत झोपला होता, वय वर्षं वीस. कोयता हातात घेऊन ती मोरीच्या कठड्यावर बसली आणि विचार करू लागली. चौकीत न्यावा तर संजयवर केस. खाणीत फेकावा तर तो दुसरा आणणार. पोपटरावांना सांगावं तर ते त्याला बडवणार आणि तो घर सोडून जाणार. शाळेची घंटा तिच्या हातात होती, आणि नऊला ती वाजली नाही तर मुख्याध्यापक बोलले असते. तिने कोयता होता तिथे ठेवला, वर पोतं टाकलं आणि ती कामाला गेली. संध्याकाळी मागच्या गल्लीतला मिलिंद मेला. भांडण कशावरून, हे कोर्टातही नीटसं निघालं नाही. मोबाइलवर कुणीतरी कुणाच्या तरी फोटोखाली हसल्याचं चित्र टाकलं होतं, एवढंच निघालं.

संजयला जन्मठेप झाली. खाणवस्तीतून येरवडा रिक्षाने वीस मिनिटं. महिन्यातून एकदा ती भेटीला जाते, काचेपलीकडे तो विचारतो जेवलीस का, ती सांगते जेवले, आणि वेळ संपते. त्या दिवसापासून तिला काही लागेनासं झालं. तव्याला हात टेकला तर वास आल्यावर कळायचं. डॉक्टर म्हणाले साखर तपासा. साखर नव्हती. रडू यायचं थांबलं तेव्हा तिला वाटलं, आपण सावरलो. तसं काही नव्हतं.

दोन वर्षांनी एका दुपारी मिलिंदची आई शालू दारात उभी राहिली. हातात दळणाची पिशवी. प्रेमलाला वाटलं, ही आता आपल्याला मारणार, आणि मारलं तर बरंच. शालूने गहू परातीत ओतले आणि जांभळ्या कापडात गुंडाळलेला कोयता काढून समोर ठेवला. तिचा धाकटा चेतन तेव्हा सतरा वर्षांचा होता. भावाचा बदला घ्यायला निघालेला.

"माझ्याकडे का आणलास?" प्रेमलाने विचारलं.

"तुमच्याकडं नाही आणायचा तर कुणाकडं, अक्का?" शालू म्हणाली. "घरात ठेवला तर काय होतं ते तुम्हालाच ठाऊक हाय."

पहिलं दळण ते. मग एकीने दुसरीला सांगितलं. आरडाओरडा न करता, पाणी भरताना, पापड लाटताना. मिलिंदची आई जर तिथे जाऊ शकते, तर आपल्याला कसली लाज, असं बायकांना वाटलं असावं. शालूचं तेवढं येणं हाच प्रेमलाच्या कामाचा पाया. बाकी सगळं नंतर आलं.

नंतर आलं ते असं. सरकारने वस्त्यांमधली हाणामारी आधीच थांबवण्याची एक योजना काढली, आणि 'सलोखा' नावाच्या संस्थेला खाणवस्तीसाठी अनुदान मिळालं. समाजमंदिराची पुढची खोली केंद्र झाली. आतल्या बाजूला विहार, बाहेरच्या बाजूला केंद्र, मधे एक पडदा. संस्थेचा समन्वयक सुदर्शन हा कोथरूडचा, समाजकार्याची पदवी घेतलेला, कामसू मुलगा. त्याने चार दिवसांत ओळखलं की या वस्तीत कुणाचं ऐकतात. त्याने प्रेमलाला शाळेतून काढून केंद्रात घेतलं. पद, वस्ती कार्यकर्ती.

कामात ती तरबेज निघाली. वाद पेटल्याचं कळलं की ती जाऊन दोन टोळक्यांच्या मधे उभी राहायची. ओरडायची नाही, हात जोडायची नाही, नुसती उभी. लोक याला धैर्य म्हणायचे. धैर्य कसलं? भीती जिथे असते तिथे तिच्याकडे काही शिल्लकच नव्हतं. पोरं मात्र थांबायची. केंद्रात बुधवारी वकील बसायचे. चौदा-पंधरा जणांना गाडी चालवायचं लायसन निघालं, आणि त्यातला चेतन हडपसरच्या एका गोदामात टेम्पोवर लागला. गेल्या दीड वर्षात वस्तीत एकही मोठी मारामारी झाली नव्हती.

आणि इथेच घोडं अडलं. अनुदानाची मुदत संपत आली. ते पुढे चालू ठेवायचं की नाही हे ठरवायला खात्याकडून सरोजिनी मॅडम आल्या. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेल्या, सुती साडी, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. त्यांनी रजिस्टरं चाळली, चहा नको म्हणाल्या, मग अर्धा घेतला.

"दीड वर्षात गंभीर गुन्हा शून्य," त्या म्हणाल्या. "छान आहे. आता वर कोणीतरी विचारणार, गुन्हाच नाही तर केंद्र कशाला?"

"मॅडम, केंद्र आहे म्हणून गुन्हा नाही," सुदर्शन म्हणाला.

"हे आपल्याला कळतं हो. फाइलला कळत नाही. घडलं नाही त्याचा पुरावा मागतात, आणि तो कुठल्या दुकानात मिळतो ते सांगत नाहीत." त्यांनी चष्मा पुसला. "डोळ्यांना दिसेल असं काहीतरी जोडा. पंधरा दिवस आहेत. बैठकांचे फोटो नकोत. सतरंजीवर बसलेल्या बायकांचे इतके फोटो माझ्याकडे आहेत की कुठली वस्ती कुठली ते मलाच समजत नाही."

बाई काही वाईट नव्हती. तिला केंद्र चालायला हवंच होतं, म्हणून तर तिने सांगितलं.

प्रेमला तीन दिवस गप्प राहिली. पुरावा तिच्या न्हाणीवर होता. तो दाखवला तर केंद्र राहील, वकील राहतील, लायसनं निघत राहतील. पण दाखवताना एकाही घराचं नाव फुटलं तर दळण कायमचं बंद. हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तिने पुष्कळ विचार केला, आणि तिच्या मते सगळ्या बाजूंनी केला. नावं तिने कुठे लिहिलेलीच नव्हती. कोयता तर कोयत्यासारखाच दिसतो. नुसते कोयते दाखवले तर कुणाचं काय बिघडतंय? एक गोष्ट तिच्या डोक्यात आली नाही. केंद्र नव्हतं तेव्हाही बायका येत होत्या, आणि त्या केंद्रात कधीच आल्या नव्हत्या, तिच्या घरी आल्या होत्या. केंद्राला तिची गरज होती. दळणाला केंद्राची नव्हती.

तिने सुदर्शनला घरी नेऊन पेटी उघडून दाखवली. त्याने वरचं एक कापड उलगडलं आणि लगेच पुन्हा गुंडाळलं. मग म्हणाला, "मावशी, हे घरात? तुम्हाला अटक होऊ शकते, तुम्हाला कल्पना आहे का?"

"आहे," ती म्हणाली.

ठरलं असं की आधी फोटो काढायचा, मग सगळे कोयते बेवारस सापडले म्हणून चौकीत जमा करायचे. चौकीतल्या साहेबांशी सुदर्शन बोलून आला. रविवारी वंदना झाल्यावर दार लावून घेतलं आणि केंद्रातला पडदा सरकवून फोटोसाठी जागा केली. पुढची खोली अंधारी, उजेड विहारातच चांगला. सुदर्शन कोयते फरशीवर ओळीने मांडू लागला.

"थांबा," प्रेमला म्हणाली. "असे नाही ठेवायचे. समोर मूर्ती आहे."

"मावशी, दोन मिनिटांचं काम आहे."

"दोन मिनिटं असू दे नाहीतर अर्धं. भगवंतापुढे उघडी पात जमिनीला लागू द्यायची नाही."

तिने एकेक कापड उलगडून घडी घालून फरशीवर पसरलं आणि ज्याच्या त्याच्या कापडावर ज्याचा त्याचा कोयता ठेवला. मिसळू द्यायचे नाहीत, ही तिची पहिल्यापासूनची शिस्त. सुदर्शन म्हणाला, हे साड्यांच्या सेलसारखं दिसतंय, एक पांढरी चादर टाकू या का. ती नाही म्हणाली. ते कोयते कुणाच्या तरी अंगावरच्या कापडातून आले होते, त्यांना चादरीवर ओतायला तिचं मन घेईना. सुदर्शनने खुर्चीवर चढून फोटो काढला. फोटो चांगला आला. रंगीबेरंगी.

चौकीत हवालदाराने कोयते मोजून घेतले आणि कापडं परत दिली. "ही चिंधी काय करायची आम्ही? घेऊन जा." तिने ती घरी आणली, धुतली, वाळवली, घड्या घालून त्याच पेटीत ठेवली.

सरकारी काम आणि सहा महिने थांब, असं म्हणतात. या खेपेला पाच आठवड्यांत मंजुरी आली, तीही तीन वर्षांची. सरोजिनी मॅडमनी स्वतः फोन केला. म्हणाल्या, वरच्या बैठकीत तो फोटो पडद्यावर आला तेव्हा पहिल्यांदाच कुणी मोबाइल बघत नव्हतं. सुदर्शन इतका खूश झाला की त्याने संस्थेच्या पानावर तो फोटो टाकला. खाली लिहिलं, खाणवस्तीतल्या मातांनी स्वखुशीने आणून दिलेली ही शस्त्रं. नाव एकाचंही नाही. याबद्दल त्याने काळजी घेतली होती.

वाचणाऱ्या साऱ्या पुण्याला सत्तावीस कोयते दिसले. खाणवस्तीला सत्तावीस कापडं दिसली.

प्रेमलाला ते पोपटरावांकडून कळलं. शेजारच्याने पाठवलेला फोटो त्यांनी लांब धरून पाहिला आणि म्हणाले, "ही शालूची साडी."

"अहो, तुम्हाला काय माहीत?"

"मिलिंदच्या मयताला हीच होती तिच्या अंगावर. जांभळी, पिवळ्या ठिपक्यांची. मी लांब उभा होतो."

प्रेमला त्या दिवशी तिथे गेली नव्हती. कुठल्या तोंडाने जाणार? ती साडी शालूने पुन्हा नेसली नाही. फाडून अर्धी गोधडीला लावली. ती गोधडी चेतन रोज पांघरतो. उरलेल्या अर्ध्या साडीत तिने चेतनचाच कोयता गुंडाळून आणला होता. आईच्या अंगावरचं कापड लेकराला वेगळं सांगावं लागत नाही. सहा वर्षं त्या पोरांची समजूत होती की कोयता चोरीला गेला, दोस्ताने लांबवला, पोलिसांनी उचलला. एका दुपारी सगळ्यांना सगळं कळलं.

सुदर्शनने तासाभरात फोटो काढून टाकला. वरातीमागून घोडं. तो केंद्रात बसून रडला, आणि प्रेमलाने त्याला पाणी दिलं. कापडावर ठेवायचा हट्ट आपला होता, हे तिने त्याला दोनदा सांगितलं. तेवढ्याने त्याचं रडणं कमी झालं नाही.

कुणीतरी येऊन भांडेल, दगड मारेल, असं तिला वाटलं होतं. कोणी आलं नाही. नळावर बायका आपापसांत बोलायच्या, ती आली की हंडा सरकवून जागा द्यायच्या, आणि बोलणं टँकरवर यायचं. एकीच्या कपाळाला पट्टी होती. कशाने झालं विचारलं तर पडले म्हणाली. दुसरी माहेरी खडकवासल्याकडे गेली ती आलीच नाही. तीन वाजता दळणाच्या पिशव्या दारावरून जायच्या आणि सरळ गिरणीत शिरायच्या. प्रेमला चहाचं आधण ठेवून बसायची. मग तो चहा एकटीच प्यायची, नाहीतर ओतून टाकायची. आत काय वाटतंय ते ती शोधून पाहायची. दात काढून आल्यावर जीभ जशी त्या जागी जाते, तशी. काही हाती लागत नसे.

केंद्राला नवी पाटी आली, दोन पंखे आले. एक लोखंडी पेटी आली, वर फट असलेली, दानपेटीसारखी. तिच्यावर लाल अक्षरांत लिहिलं होतं, शस्त्र समर्पण पेटी. कल्पना कुणाची ते विचारू नका. पहिल्या महिन्यात तिच्यात बिस्किटाचे कागद निघाले.

चेतनने गोदामातली नोकरी सोडल्याचं तिला वकिलांकडून कळलं. ती त्याला गाठायला नाक्यावर गेली. तो पानटपरीशी बसला होता, तेवीस वर्षांचा, थेट मिलिंदचा चेहरा. तिला पाहून तो उठला, शिव्या दिल्या नाहीत, बाजूने निघून गेला. प्रेमला कुणाच्या वाटेत उभी राहिली आणि तो वळसा घालून गेला, असं पहिल्यांदाच झालं.

फोटो आल्यापासून सातव्या आठवड्यात, मंगळवारी तीनला, दारात सावली पडली. शालू उभी होती. हातात दळणाची पिशवी.

प्रेमला इतक्या घाईने उठली की तिचा गुडघा ओट्यावर आपटला, आणि तो दुखला. तिने परात काढली, पुसली, समोर ठेवली. आधण गॅसवर होतंच, त्यात तिने आणखी एक कप पाणी घातलं.

"बस की," ती म्हणाली.

शालू बसली नाही. तिचा डावा गाल सुजून खाली काळा पडत चालला होता. पिशवीची घडी तिने उलगडली. पिशवी रिकामी होती.

"माझं लुगड्याचं फडकं द्या," ती म्हणाली.

प्रेमलाला क्षणभर कळलं नाही. "कोयता चौकीत गेला, शालू. तो आता..."

"कोयता नको. नवा आणलाय त्यानं. फडकं द्या. आपल्या घरातलं काही त्यांच्याकडं राहायला नको, म्हणालाय."

प्रेमला माळ्यावर चढली. पेटीत ते जांभळं कापड सगळ्यात खाली होतं, सगळ्यांत आधी आलेलं. तिने खाली येऊन ते दोन्ही हातांनी दिलं. शालूने ते उलगडलं, उजेडाकडे धरून दोन्ही बाजू पाहिल्या, पुन्हा घडी घातली.

"शालू, त्या फोटोत कापडं ठेवायचं माझं चुकलं," प्रेमला म्हणाली. "मला ती साडी ठाऊक नव्हती. खरंच नव्हती."

"व्हय," शालू म्हणाली. रागाने म्हणाली नाही. टँकर आला का विचारल्यावर म्हणावं तसं म्हणाली.

"नवा कुठे ठेवतो तो?"

शालूने पिशवीचे बंद बोटाला गुंडाळले. तिला माहीत होतं. पिंपामागे, पत्र्यावर, गादीत, कुठे ते तिला नक्की माहीत होतं. आईला ते नेहमीच माहीत असतं.

"मला काय ठाऊक, मॅडम," ती म्हणाली.

आधण उतू गेलं. प्रेमलाने गॅस बंद केला आणि वळून पाहिलं तर दार रिकामं होतं. ती बाहेर आली. शालू गिरणीत शिरली नाही, सरळ घराच्या वाटेला लागली. हाक मारावी म्हणून प्रेमलाने तोंड उघडलं, आणि तेव्हा तिला वाईट वाटलं. आठ वर्षांत पहिल्यांदा, छाती भरून, ओळखू येईल असं वाईट वाटलं. आणि हे जिला सांगावं अशी वस्तीत एकच बाई होती, ती कोपऱ्यावरून वळून गेली होती.